वर्गणी वसूल होते ती रविवारी: एका हौशी चित्रकला मंडळाविषयी

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील एका हौशी चित्रकला मंडळाची मी गेली दीड वर्षे सभासद आहे. पुढे काही तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे मंडळाचे नाव देत नाही. स्टेशनापासून दहा मिनिटांवर असलेल्या जुन्या वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना, ड्रॉइंग बोर्ड काखोटीला मारून चढणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते ओळखू येईलच. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या, दुसरीत ‘बी’ श्रेणी मिळाली आणि त्यानंतर बँकेच्या नोकरीत पंचवीस वर्षे वहीच्या समासापलीकडे काही काढले नाही, अशा स्थितीत मी तेथे गेले. सभासदांपैकी बहुतेकांची हकीकत याहून फारशी वेगळी नाही, आणि हे मंडळ अशाच माणसांसाठी आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या किंवा तेथील प्रवेशाची तयारी करणाऱ्या व्यक्तीला येथे फारसे काही हाती लागणार नाही.

वर्षाची वर्गणी १,५०० रुपये आहे. तेवढ्यात महिन्यातील दोन शनिवारी दुपारी चार ते सात सराव, एका रविवारी बाहेर जाऊन निसर्गचित्रण आणि अधूनमधून एखादे व्याख्यान मिळते. कार्यशाळांचे शुल्क वेगळे असते आणि वार्षिक प्रदर्शनात चित्र लावायचे तर त्याचेही वेगळे. माझे मत आधीच सांगून टाकते: वर्गणीत जे मिळते ते वेगळे पैसे मोजून मिळणाऱ्या गोष्टींहून पुष्कळ सरस आहे, एका कार्यशाळेचा अपवाद वगळता.

मंडळात जावे ते मुख्यतः रविवारसाठी. एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या, हॉर्निमन सर्कलची बाग, गिरगावातील खोताची वाडी, वर्सोव्याचा कोळीवाडा आणि हिवाळ्यात एकदा वसईचा किल्ला अशा ठिकाणी आम्ही गेलो. सकाळी सातला जमायचे, कारण दहानंतर ऊन डोक्यावर येऊ लागते, सावल्या आखडतात आणि भिंतींचे उभे-आडवे भाग एकाच रंगाचे दिसू लागतात. (रविवार असल्यामुळे जाताना गाडी सुखाने मिळते आणि परतीच्या वेळी मेगाब्लॉक लागलेला असतो, यात मंडळाचा दोष नाही, पण घरी जेवायला किती वाजता येणार हे सांगून निघू नये.) मार्गदर्शनाला महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक चित्रकला शिक्षक असतात. ते मानधन घेत नाहीत, स्वतःचे चित्र आमच्यासमोर काढत नाहीत आणि कोणाच्याही कागदावर पेन्सिल टेकवत नाहीत. पहिल्या दिवशी हे मला तुसडेपणाचे वाटले होते.

वाळकेश्वरला बाणगंगेवर गेलो होतो तेव्हाची गोष्ट लिहिते, म्हणजे त्यांची पद्धत कळेल. समुद्र इतक्या जवळ असूनही गोडे पाणी असलेला हा आयताकृती तलाव, त्याला चहूबाजूंनी उतरत गेलेल्या पायऱ्या, दीपमाळा आणि भोवतीची देवळे पाहिली की हात लगेच रंगांच्या डबीकडे जातो. सरांनी मात्र पहिली वीस मिनिटे डबी उघडू दिली नाही. वहीच्या एका पानावर आगपेटीएवढ्या चार चौकटी आखून, प्रत्येकीत तीच जागा वेगळ्या तऱ्हेने मांडायची आणि फक्त तीन छटांत भरायची: कागदाचा पांढरा, पेन्सिलचा मध्यम करडा आणि काळा. माझ्या पहिल्या तीन चौकटींत तलाव बरोबर मध्यभागी येऊन बसला होता. चौथीत कंटाळून मी पाणी खाली ढकलले आणि डावीकडे एक दीपमाळ उभी केली. चित्र त्याच चौकटीतून झाले.

पुढची फजिती पायऱ्यांची. त्या साधारण सारख्या उंचीच्या असतात हे ठाऊक असल्यामुळे मी समोरच्या काठाच्या पायऱ्या आणि माझ्या पायाखालच्या पायऱ्या जवळजवळ सारख्याच मापाच्या काढल्या, आणि सगळा काठ भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा दिसू लागला. सर मागे येऊन थांबले आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही मोजलेल्या पायऱ्या काढताय, दिसलेल्या नाही.” मग त्यांनी मला पेन्सिल डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरायला लावली. ती समोरच्या देवळाच्या ज्या भागावरून गेली ती माझी क्षितिजरेषा. तिच्या खाली असलेल्या आणि माझ्यापासून दूर जाणाऱ्या सर्व कडा वर चढत तिच्याकडे जातात, तिच्या वर असलेल्या खाली उतरत येतात. यथार्थदर्शनाचा हा नियम मी इंटरमीजिएटला पट्टी लावून पाठ केला होता आणि त्यात गुणही मिळवले होते. तो खरा आहे हे मला कळले ते त्या दिवशी, उभी राहिले तर रेषाही माझ्याबरोबर वर येते आणि खालच्या पायरीवर बसले तर खाली जाते हे दोनतीनदा उठून-बसून पाहिल्यावर. शेजारी कपडे वाळत घालणाऱ्या बाई माझ्याकडे बराच वेळ पाहत होत्या.

पाण्यातील प्रतिबिंबाबद्दल सरांनी सांगितलेली गोष्टही उपयोगी पडली. गडद वस्तूचे प्रतिबिंब तिच्याहून किंचित फिके आणि उजळ वस्तूचे किंचित गडद दिसते, त्यामुळे वस्तू आणि प्रतिबिंब एकाच रंगाने रंगवले की पाण्याचा आरसा होतो. हे सांगून ते निघून गेले, आणि दहा मिनिटांनी बदकांनी सगळेच प्रतिबिंब मोडून टाकले.

त्या चित्रांची चर्चा पुढच्या शनिवारी होते. सर्वांची चित्रे नावाविना भिंतीशी ओळीने लावतात, दहा फूट मागे उभे राहतात आणि डोळे किलकिले करून पाहतात, म्हणजे तपशील पुसले जातात आणि छटांचे ढोबळ तुकडे उरतात. नियम असा की आधी काय दिसते ते सांगायचे, आवडले की नाही ते नंतर. हा नियम पाळला जातो तेव्हा तास फार मोलाचा ठरतो. सर नसले की मात्र ‘छान, छान, आकाश छान’ सुरू होते आणि चहा लवकर येतो. माझ्या बाणगंगेच्या चित्राबद्दल एका तरुण मुलाने, ते माझे आहे हे न कळता, “हे कोणीतरी घाईघाईत संपवलंय,” असे म्हटले. संपवले होतेच, मला अकराची गाडी पकडायची होती.

पावसाळ्यात बाहेरचे काम बंद होते आणि सभागृहात वस्तुचित्रण चालते. पितळी तांब्या, दोन लिंबे आणि घडी मोडलेला पंचा यांच्यासमोर जून ते सप्टेंबर काढणे हे धीराचे काम आहे, शिवाय या हवेत पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, वाळायलाच अर्धा तास जातो. मंडळाचा एक सल्ला मात्र येथेच पटला: सुरुवातीला रंग विद्यार्थी दर्जाचे चालतील, पैसे कागदावर खर्च करा. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) २२ × ३० इंचांचा ताव घेऊन त्याचे चार तुकडे केले की ११ × १५ इंचांचे चार कागद मिळतात आणि पाणी ओतले तरी ते फारसे फुगून वर येत नाहीत. मी उत्साहाने पाच ताव आणून कपाटात उभे करून ठेवले. ऑगस्टमध्ये एकावर आकाशाचा सपाट वॉश दिला तर त्यात ठिकठिकाणी गडद ठिपके उमटले, जणू कागदाला देवी आल्या होत्या. कोऱ्या कागदावर काहीही दिसत नव्हते. दमटपणामुळे सूक्ष्म बुरशीने कागदावरचे सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला खळीसारखा लेप, खाल्ले होते आणि तेवढ्या जागी कागद टीपकागदासारखा रंग पिऊन घेत होता. आता ताव प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, पलंगाखाली आडवे आहेत.

आता कार्यशाळा. जलरंगांची दोन दिवसांची कार्यशाळा २,५०० रुपयांची होती आणि तिला पस्तीस जण होते, येथेच खरे तर सगळे आले. पाहुणे चित्रकार निःसंशय कुशल होते. त्यांनी पाऊण तासात गेटवे ऑफ इंडिया उभे केले, ओल्या कागदावर ढग सोडले, कोरड्या ब्रशने समुद्रावर चकाकी आणली आणि टाळ्या घेतल्या. पण मागच्या तीन रांगांना त्यांच्या पाठीपलीकडे काहीच दिसत नव्हते. वर कॅमेरा लावून पडद्यावर दाखवण्याची साधी सोय आयोजकांनी केली नव्हती. दोन दिवसांतील बहुतांश वेळ प्रात्यक्षिकांत गेला, आम्हाला स्वतः रंगवायला दर दिवशी जेमतेम तास-सव्वा तास मिळाला, आणि त्यातही सर्वांनी तेच गेटवे, त्याच ढगांसह काढले. माझ्या चित्रापाशी पाहुणे साधारण अर्धे मिनिट थांबले. मी हे लेखी कळवले; उत्तर आले की पुढच्या वेळी विचार करू, आणि पुढच्या वेळी चाळीस जण घेतले.

लिनोकटची, म्हणजे लिनोलियमवर चित्र कोरून ते कागदावर छापण्याची, कार्यशाळा याच्या नेमकी उलट. बाराच जागा, साहित्यासह १,८०० रुपये, एक पूर्ण दिवस आणि शिकवणाऱ्या ताई प्रत्येकाच्या टेबलाशी निदान पाच वेळा येऊन गेलेल्या. लिनोलियम म्हणजे तागाच्या कापडावर बसवलेला जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांचा थर. थंड हवेत तो कडक होतो आणि कोरण्याआधी शेकून घ्यावा लागतो, पण आमची कार्यशाळा मे महिन्यात असल्यामुळे तो प्रश्नच आला नाही. हत्यार नेहमी स्वतःपासून दूर ढकलायचे आणि दुसरा हात त्याच्या मागे ठेवायचा हे ताईंनी इतक्यांदा बजावले की दिवसभरात एकाच चिकटपट्टीवर भागले. काचेवर शाई लाटताना ती बेताची झाली की रोलरखालून मंद आचेवर काही तळत असल्यासारखी चरचर ऐकू येते, आणि हा आवाज कानात बसला की शाई जास्त झाली की कमी हे पाहावे लागत नाही. छापायला यंत्रही लागले नाही. कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासत गेलो.

मी फलाटावरची ‘दादर’ अशी पाटी कोरली होती, शिरोरेषेसह, दोन तास खपून. पहिला कागद उचलला तेव्हा पाटी उजवीकडून डावीकडे वाचावी लागत होती. अक्षरे उलटी काढायची असतात हे सकाळी सांगितलेले होते आणि मी ते वहीत लिहूनही घेतले होते.

व्याख्यानांविषयी थोडक्यात. चित्रकार सावळाराम हळदणकरांवरचे ठीक होते. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील, हाताच्या आडोशाने दिवा सांभाळणाऱ्या स्त्रीचे त्यांचे प्रसिद्ध चित्र जलरंगातले आहे आणि ते राजा रविवर्म्याचे नाही, एवढे सांगितल्यावर सभागृहात जी चुळबुळ झाली ती पाहण्यासारखी होती. बाकीची दोन व्याख्याने मी अर्ध्यावर सोडली.

वार्षिक प्रदर्शनाचे शुल्क १,००० रुपये, शिवाय फ्रेमचा खर्च आपला. निवड नसते, पैसे भरणाऱ्या प्रत्येकाचे एक चित्र लागते. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी सुरू झाली तेव्हा तिच्यातही हौशी मंडळींचा मोठा भरणा होता आणि जहांगीर आर्ट गॅलरीचे दालन मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते, हे दोन्ही मुद्दे कार्यकारिणी दर वर्षी ऐकवते, आणि सर्वांना भिंत मिळावी याला माझी हरकत नाही. परंतु चित्रे इतकी खेटून लावली होती की शेजारच्या भडक सूर्यास्ताने माझी बाणगंगा गिळून टाकली, आणि ट्यूबलाइट थेट काचेवर पडत असल्यामुळे पाहणाऱ्याला चित्राआधी स्वतःचाच चेहरा दिसत होता.

नवख्या माणसाने लगेच वर्गणी भरू नये. दोन शनिवार पाहुणे म्हणून विनाशुल्क बसता येते. त्यांपैकी एक चर्चेचा असेल असे पाहावे आणि सर येणार आहेत का हे आधी विचारून घ्यावे. गुडघे दुखत असतील तर तीन जिन्यांचा विचार करावा, कारण मंडळाने तो केलेला नाही. मी या वर्षीची वर्गणी भरली आहे. कार्यशाळांपैकी फक्त लिनोचे पैसे भरले आहेत, आणि या खेपेस पाटी घरूनच उलटी काढून नेणार आहे.