वेब फॉर्म्सचं अ‍ॅप कोअरवर नेताय? यार्प आणि सिस्टिम वेब अडॅप्टर्स वापरून बघा

5 पैकी 4 स्टार. जुनं वेब फॉर्म्सचं (मायक्रोसॉफ्टची वेब पेजेस बनवायची जुनी पद्धत) अ‍ॅप डॉटनेट कोअरवर (मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटची नवी आवृत्ती) न्यायचंय आणि कोणी म्हणतंय की सगळं बंद करून नव्याने लिहू, तर त्याच्या नादी लागू नका. यार्प (रिक्वेस्ट दुसऱ्या सर्व्हरकडे वळवणारा प्रॉक्सी) आणि सिस्टिम वेब अडॅप्टर्स (जुना कोड नव्या बाजूला चालवायला मदत करणाऱ्या लायब्ररी) ही मायक्रोसॉफ्टचीच ओपन सोर्स जोडी आहे, पैसे लागत नाहीत. नवीन कोअर अ‍ॅप पुढे उभं करायचं, जे पेज तिथे तयार झालंय ते तेच देणार आणि बाकीच्या सगळ्या रिक्वेस्ट यार्प मागच्या जुन्या अ‍ॅपकडे ढकलतो, यूआरएल तीच राहते त्यामुळे युजरला पत्ताही लागत नाही. एखादं पेज बिघडलं तर त्याचा नवा रूट (कुठली यूआरएल कोणी द्यायची ती नोंद) काढून टाका, परत जुनं चालू. सगळ्यात भारी गोष्ट ही.

खरी डोकेदुखी सेशनची (युजरची सर्व्हरवर तात्पुरती साठवलेली माहिती), आणि तिथेच अडॅप्टर्स कामाला येतात. रिमोट सेशन चालू केलं की नवं अ‍ॅप जुन्याचंच सेशन वापरतं, फक्त सेशनमधली प्रत्येक की (माहितीचं नाव) तिच्या डेटा टाइपसकट रजिस्टर करावी लागते. म्हणजे सेशनमध्ये अख्खा डेटाटेबल (मेमरीत ठेवलेला डेटाचा तक्ता) कोंबून ठेवला असेल (कोणी नाही ठेवला?) तर आधी तो साफ करा, जेसन सिरियलायझर (माहिती पाठवण्यासाठी जेसन मजकुरात बदलणारा भाग) तो असाच घेत नाही. शिवाय पेज सेशनमध्ये लिहिणारं असेल तर रिक्वेस्ट संपेपर्यंत जुन्या बाजूचं सेशन लॉक राहतं, म्हणून जिथे नुसतं वाचायचंय तिथे रीड ओन्लीच ठेवा. रिमोट लॉगिनपण आहे पण त्यात जुन्या अ‍ॅपला एक जादा कॉल जातो, त्यामुळे ही सोय तात्पुरतीच समजायची.

एक स्टार कापला कारण नावं वाचून वाटतं की एएसपीएक्स (म्हणजे वेब फॉर्म्सची) पेजेस आपोआप बदलून मिळतील. नाही मिळत! व्ह्यूस्टेट, पोस्टबॅक, ग्रिडव्ह्यू या वेब फॉर्म्सच्या सोयी कोअरमध्ये नाहीतच, ती पेजेस रेझर नाहीतर ब्लेझरमध्ये (कोअरमधल्या पेज बनवायच्या पद्धती) हातानेच लिहायची. बटन क्लिकमध्येच एसक्यूएल लिहिलेलं असेल तर ते आधी डॉटनेट स्टँडर्ड 2.0 च्या लायब्ररीत काढा म्हणजे दोन्ही अ‍ॅप्स तोच कोड वापरतील, एचटीटीपी कॉन्टेक्स्ट (चालू रिक्वेस्टची माहिती) वापरणारा बराचसा कोडही अडॅप्टर्समुळे तसाच चालतो. आणि पुढे लिनक्सवर जायचं असेल तर इमेजचा कोड आत्ताच तपासा, सिस्टिम ड्रॉइंग कॉमन (इमेजसाठीची लायब्ररी) डॉटनेट 7 पासून फक्त विंडोजवरच चालतं.