एनव्हीडीए आणि वेव्ह (साइट अंध लोकांना वापरता येते का ते तपासायची दोन साधनं): छोटं ऑनलाइन दुकान असेल तर वापराच

मी कॅन्ससमधे ओव्हरलँड पार्कला राहते, घरून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला ऑनलाइन विकते. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका दुकानदाराला वकिलाचं पत्र आलं, तुमची साइट अंध माणसाला वापरता येत नाही, १९९० च्या एडीए म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या अमेरिकन कायद्याचा भंग आहे, मिटवायचं तर पैसे द्या. माझ्या पोटात गोळाच आला.

आता कॅन्ससने २०२३ मधे असल्या उकळाउकळीच्या दाव्यांविरुद्ध कायदा केलाय, तेव्हा वाटलं सुटलो. पण नीट वाचलं तर लेखी नोटीस आल्यावर ३० दिवसांत प्रामाणिकपणे साइट सुधारायला लागलात आणि तरी समोरच्याने दावा रेटला, तर कोर्ट तो गैरवापर आहे असंच गृहीत धरून सुरुवात करतं, आणि वकिलाची फी त्याच्याकडून मिळू शकते. म्हणजे काम आपल्याला करायचंच आहे!

आधी मी साइट अंध लोकांना सोपी करून देतो म्हणणारं, महिन्याला पैसे घेणारं एक विजेट लावलं होतं, कोपऱ्यात आयकॉन येतो ते. काही उपयोग नाही, साइट होती तशीच.

मग एनव्हीडीए टाकलं. विंडोजवरचा फुकट स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, ऑस्ट्रेलियातल्या संस्थेचा, बरेच अंध लोक रोज हाच वापरतात. मॉनिटर बंद करून माझ्याच दुकानात भाजणी घ्यायला गेले. नुसतं "बटन, बटन, बटन" ऐकू येत होतं, फोटोच्या जागी फाइलचं नाव, पत्त्याच्या रकान्यात काय भरायचं तेच कळेना. अर्धा तास झाला तरी ऑर्डर गेली नाही. खरंच वाईट वाटलं, कारण हे कुणीतरी रोज सोसतंय आणि ते पत्र पाठवणाऱ्या वकिलाला त्याचं काही पडलेलं नसतं. मराठी आवाज पण आहे त्यात, यंत्रासारखा बोलतो पण मेतकूट कळतं.

वेव्ह त्याहून सोपं, युटामधल्या वेबएम संस्थेचं, ब्राउझरमधेच चालतं. वर्णन नसलेले फोटो, लेबल नसलेले रकाने लगेच दाखवतं. माझी पिवळ्यावरची, नीट न दिसणारी केशरी अक्षरं त्यानेच पकडली. पण फक्त ह्याच्यावर विसंबू नका, चेकआउट अडकतं ते एनव्हीडीएवरच कळलं.

दोन वीकेंडमधे बरंच झालं, बदल तारखेनिशी लिहून ठेवलेत. पाव किलो-अर्धा किलोचा मेनू अजून कीबोर्डने उघडत नाही, तो दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत करायचाय.