५ लिटरची पापडाची बरणी, पण आत मँटिस : ५ पैकी ४ स्टार

भांड्यांच्या दुकानात पापड-कुरडया ठेवायला लाल नाहीतर निळ्या झाकणाची, रुंद तोंडाची पारदर्शक बरणी मिळते ना, तिचा हा रिव्ह्यू, फक्त पापड सोडून. माझ्याकडे तिच्यात हायरोडुला आहे, म्हणजे पावसाळ्यात कढीपत्त्यावर नाहीतर जास्वंदीवर बसलेला दिसतो तो मोठा हिरवा मँटिस, खंडोबाचा किडा म्हणतात तो. ऑनलाइन तयार पिंजरे मिळतात, ॲक्रिलिकचे तर चांगलेच महाग, आणि जो प्राणी जगणार जेमतेम वर्षभर त्याच्यासाठी एवढे पैसे घालायची खरंच गरज नाही, बरणीत सगळं होतं, फक्त ती उलटी वापरायची. ते पुढे सांगतो.

आधी माप. किड्याच्या लांबीच्या तिप्पट उंची आणि दुप्पट रुंदी, याच्या खाली जायचं नाही. कारण मँटिस कात टाकताना छताला उलटा लटकतो आणि जुन्या कातीतून हळूहळू खाली सरकत बाहेर येतो, तेव्हा खाली जागा नसेल तर अंग मऊ असतानाच जमिनीला टेकतं आणि पाय-पंख जसे वाकले तसेच वाळतात, मग काही करता येत नाही. मोठी मादी ८-९ सेंमी भरते, म्हणजे २४-२७ सेंमी उंची हवी, तेवढी या बरणीत कशीबशी मिळते, रुंदीला मात्र ती कमी पडते. मादी शेवटपर्यंत ठेवायची असेल तर सरळ १० लिटरची घ्या. आणि नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू असेल तर उलट, एवढ्या मोठ्या जागेत त्याला चिलटं सापडतच नाहीत, त्याला ज्यूसचा पारदर्शक ग्लास आणि वर जाळी, बास.

आता उलटी का. बरेच जण झाकणाला भोक पाडून तिथे जाळी लावतात आणि झालं म्हणतात. पण मँटिस दिवसभर बसतो कुठे तर त्या जाळीलाच, म्हणजे साफसफाईला झाकण उघडलं की किडाच हातात, आणि नेमका कातीच्या वेळी धक्का लागला की संपलं. त्यापेक्षा बरणीचा तळ कापून टाका, तिथे जाळी चिकटवा आणि बरणी झाकणावर उभी करा. तळ झाला छत, झाकण झालं जमीन. साफ करायचं असलं की बरणी हळूच धरून खालचं झाकण फिरवायचं (बरणी नाही फिरवायची, झाकण!), वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा, किडा आपला वर लटकलेला, त्याला पत्ताही नाही. झाकणात टिश्यू पेपर अंथरलेला असतो तो बदलायचा, दोन मिनिटांचं काम.

तळ कापायला सोल्डरिंग आयर्न, तेही बाल्कनीत, कारण वास भयंकर येतो. कडा घासून घ्या, धार राहते. जाळी ग्लू गनने लावली तर आधी कडा नीट साफ करून कोरडी करा नाहीतर गोंद पापुद्र्यासारखा सुटून येतो. जाळी कुठली हा महत्त्वाचा प्रश्न. स्टीलची नको, पायांची टोकं अडकतात आणि डोळे घासून त्यावर काळा डाग पडतो. खिडकीला लावतात ती करडी फायबरग्लासची चालते. मच्छरदाणीचं नायलॉन पकडीला सगळ्यात भारी, पण रातकिडे खायला घालत असाल तर ते कुरतडतात. मी नायलॉनच वापरतो आणि माशा, पतंग देतो. स्वयंपाकघरातलं झुरळ फुकट मिळतं म्हणून देऊ नका, घरात कधी स्प्रे किंवा जेल मारलं असेल तर त्याच्या पोटातून विष थेट तुमच्या मँटिसकडे.

बाजूला एक भोक हवंच, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, आणि त्यात फोमचा बूच. गादीचा जुना तुकडा असतो त्याचा कापला तरी चालतो. माशी तिथून सोडायची. मँटिसने खाणं बंद केलं, सुस्त झाला, मोठ्या पिल्लाच्या पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगल्या, की कात जवळ आली, मग आतलं उरलेलं खाणं काढून घ्यायचं. रातकिडा राहिला तर कात टाकणाऱ्या मँटिसलाच खातो, शिकाऱ्याचीच शिकार.

पावसाळ्यात मात्र ही बरणी आमच्या डोंबिवलीत त्रास देते. पाणी स्प्रे केलं की थेंब संध्याकाळपर्यंत तसेच, मग काडीवर पांढरी बुरशी. म्हणून बाजूला अजून एक जाळीची खिडकी काढा, वरून-बाजूने हवा खेळली की वाळतं. नागपूरला मामेभावाकडे मे महिन्यात उलटं, तिथे खिडकीवर टेप लावून ठेवायची आणि दिवसातून दोनदा फवारायचं, नाहीतर कात अंगालाच चिकटून राहते. पाणी वेगळं वाटीत नको, भिंतीवरचे थेंबच पितो तो.

जेवणावर झाकायची छत्रीसारखी घडीची जाळी पण बघितली, स्वस्त आहे पण उंची नाही आणि खालून चिलटं पळतात. माशांचा काचेचा टँक तर विसरा, जड आणि हवा फक्त वरून. एका बरणीत एकच किडा, जोडी ठेवू वगैरे म्हणाल तर सकाळी एकच उरेल.

एक स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. स्क्रबरने घासली की प्लास्टिकवर ओरखडे पडून धुरकट दिसते, मऊ कापडच वापरा. आणि तळ. काही बरण्यांचा तळ जाड आणि आत फुगलेला असतो, तो कापताना तडा जातो, म्हणून दुकानात उलटी करून बघा आणि सपाट तळाची उचला, दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.