नेढ्यातले बाबा आणि मास्किंगचे आठ महिने

राजगडाच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसलेल्या बाबांचा फोटो काढला, तर स्क्रीनवर नुसती काळी आकृती. मागे लख्ख आकाश, भोवती कातळ, चेहरा पार अंधारात. तो एक फोटो सुधारायचा म्हणून एका एडिटिंग ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं. त्याला आता आठ महिने झाले.

घेतलं ते मास्किंगसाठी. एका टॅपमध्ये माणूस वेगळा निवडला जातो, आकाश वेगळं, आणि दोघांचा उजेड वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. त्याआधी मी स्नॅपसीड या ॲपमधलं सिलेक्टिव्ह हे टूल वापरायचे. ते फुकट आहे आणि नुसता चेहरा थोडा उजळायचा असेल तर आजही तेच उघडते. पूर्ण माणूस निवडायचा असेल तर मात्र मास्कच हवा.

पहिले दोन महिने मी चुकीचंच करत होते. बाबांचं एक्स्पोजर, म्हणजे उजेड, सरळ दीड स्टॉप वाढवलं. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, म्हणजे दीडमध्ये जवळजवळ तिप्पट. बाबा कुठून तरी कापून आणून चिकटवल्यासारखे दिसायला लागले. त्यात त्यांचा रंग सावळा. शॅडोज, म्हणजे फोटोतले अंधारे भाग, वर ओढल्यावर त्वचेतली ऊब गेली आणि चेहरा राखाडी पडला. मला ते बघवेना.

आता आधी आकाश अर्धा स्टॉप उतरवते, मग माणूस ०.७ स्टॉपपर्यंत वाढवते आणि त्या मास्कला उबेकडे जरासा रंग देते. सगळ्यात मोठा फरक पडला तो कातळामुळे. माणूस ज्यावर बसलाय त्या दगडालाही ब्रशनं निम्मा उजेड द्यायचा. उजेड एकट्या माणसावर कसा पडेल? एवढं केलं आणि बाबा पुन्हा नेढ्यात बसले. तरीही आकाश चेहऱ्यापेक्षा उजळच ठेवते. दोन्ही सारखे केले की दुपारचं ऊनच निघून जातं.

तक्रारही आहे. बाबांची पांढरी टोपी ॲपनं आकाशात धरली. आकाश उतरवलं तशी टोपीही मळकट झाली. झूम करून, ब्रश लहान करून, टोपीची कड आकाशाच्या मास्कमधून हातानं वजा करावी लागली. वाऱ्यानं उडालेल्या केसांभोवती तर अजूनही पांढरी रेघ उमटते. तिथं मी मास्क वाढवत नाही, उजेडच कमी देते.

फोटो काढतानाच आकाश पांढरंफटक झालं असेल तर कुठलंही ॲप ते परत आणत नाही. म्हणून मी आकाशावर टॅप करून एक्स्पोजर खाली ओढते आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढते. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६. अंधारातला चेहरा वर काढताना हा फरक लगेच कळतो. रॉ फाइल जागा खूप खाते, तेवढं सोसावं लागतं. आणि रात्री अंथरुणात, स्क्रीन मंद करून एडिटिंग करू नका. सकाळी सगळे फोटो भगभगीत दिसतात.

सबस्क्रिप्शन पुढच्या वर्षीही भरणार आहे. नेढ्याचा फोटो ८ बाय १२ इंचात प्रिंट करून बाबांना दिला. त्यांनी चेहऱ्याकडे फारसं पाहिलंच नाही. कातळातल्या एका खाचेवर बोट ठेवून म्हणाले, "इथं हात धरून चढलो होतो."