तीन महिन्यांची कानबान मार्गदर्शन सेवा : फळा ठेवला, प्रमाणपत्र सोडले

आमची अकरा जणांची तुकडी पतसंस्थांसाठी ठेवी, कर्जे आणि वसुलीचे सॉफ्टवेअर तयार करते. गेल्या मार्चअखेरीच्या धावपळीत लागोपाठ तीन रिलीज (ग्राहकांना द्यायच्या नव्या आवृत्त्या) लांबल्या, तेव्हा व्यवस्थापनाने कानबान, म्हणजे कामांच्या चिठ्ठ्या फळ्यावर लावून हातातील कामांवर मर्यादा घालण्याची पद्धत, शिकवणाऱ्या पुण्यातील एका प्रशिक्षण संस्थेची सेवा घेतली : दोन दिवसांचे वर्ग, त्यानंतर बारा आठवडे दर आठवड्याला अर्धा दिवस प्रत्यक्ष कार्यालयात मार्गदर्शन आणि शेवटी प्रमाणपत्राची परीक्षा. शुल्क १ लाख ८० हजार रुपये, वर १८ टक्के जीएसटी. संस्थेचे नाव देत नाही; अशा बहुतेक सेवांचा आराखडा थोड्याफार फरकाने हाच असतो.

वर्गांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पहिली सकाळ इतिहासात गेली. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा जणांनी अजाइल जाहीरनामा (सॉफ्टवेअर लहान टप्प्यांत, ग्राहकाशी बोलत तयार करण्याची तत्त्वे) कसा मांडला, हे नव्याने रुजू झालेल्यांना ठाऊक नव्हते, तेवढाच लाभ. दैनंदिन उभ्या बैठकीची माहिती देताना मात्र 'काल काय केले, आज काय करणार, अडचण कोणती' हे तीन प्रश्न अनिवार्य म्हणून दाखवले गेले. ही बैठक ज्या स्क्रम कार्यपद्धतीतली, तिच्या अधिकृत मार्गदर्शिकेच्या, म्हणजे स्क्रम गाइडच्या, २०२० च्या आवृत्तीतून ते काढून टाकलेले आहेत. एवढे शुल्क घेणाऱ्याने निदान जुनी पाटी पुसून यावे.

एक गोष्ट मात्र प्रशिक्षकांनी उत्तम सांगितली. टोयोटाच्या कारखान्यातील कानबान पद्धत सॉफ्टवेअरमध्ये आणण्याचा एक सुरुवातीचा प्रयोग २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या ज्या तुकडीवर झाला, ती हैदराबादेत काम करत होती. त्या तुकडीचा बराचसा वेळ येणाऱ्या प्रत्येक मागणीला किती दिवस लागतील याचे अंदाज काढण्यातच जात असे. ते अंदाज बंद केले, हातातील कामांवर मर्यादा घातली आणि कामे भराभर हातावेगळी होऊ लागली. हे ऐकताना आमच्याकडच्या सोमवारच्या अंदाज-बैठका आठवून दोघे-तिघे एकमेकांकडे पाहून हसले.

सेवेचे खरे मोल पहिल्या कार्यालयीन भेटीत कळले. प्रशिक्षकांनी प्रत्येकाला आपल्या हातातील काम वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहून फळ्यावर लावायला सांगितले. पंधरा-सोळा चिठ्ठ्या होतील असा आमचा समज होता, झाल्या छत्तीस. त्यांपैकी चौदा एकट्या 'तपासणी'च्या रकान्यात होत्या आणि तपासणारे दोघेच. मग फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम मांडला : काम पुरे व्हायला लागणारा सरासरी काळ म्हणजे हातातील कामे भागिले दर आठवड्याला पुरी होणारी कामे. आमच्याकडे आठवड्याला साधारण सहा कामे पुरी होत, म्हणजे नव्याने घेतलेल्या कामाला सहा आठवडे लागणारच, मग रात्री कितीही वेळ बसा. पुरी होण्याचा वेग तोच राहिला आणि हातातील कामे अठरावर आणली, तर तोच काळ तीन आठवड्यांवर येतो. एवढा भागाकार आमच्यापैकी कोणी कधीच करून पाहिला नव्हता, याची थोडी लाजही वाटली.

त्यांतील एक चिठ्ठी अजून आठवते : 'मुदत ठेवीच्या पावतीवर वारसाचे नाव छापणे'. लिहायला दोन तासांचे काम, पण तपासणीच्या रकान्यात ते एकोणीस दिवस पडून होते. तपासणीत एका वेळी पाचच चिठ्ठ्या राहतील आणि रकाना भरला की डेव्हलपरने नवे काम न उचलता तपासणीला हात लावायचा, असा नियम ठरला. तिसऱ्या आठवड्यात त्यावरून वादही झाला. आमच्या सर्वांत जुन्या सहकाऱ्याने 'मी कोड लिहायला आलो आहे, तपासायला नव्हे' असे सरळ सुनावले. प्रशिक्षकांनी उपदेश केला नाही. रकान्यातील सर्वांत जुनी चिठ्ठी काढून त्यांच्या हातात ठेवली. तपासायला बसल्यावर त्यांना उमगले की प्रत्येक वेळी एक खोटी पतसंस्था, तिचे सभासद, ठेवी आणि व्याजदर हाताने भरण्यातच दीड तास जातो. दोन दिवसांत त्यांनी त्यासाठी स्क्रिप्ट लिहिली आणि ते काम दहा मिनिटांवर आले. तपासनीस वर्षभर हीच तक्रार करत होते, पण ती ऐकणाऱ्याला कधी स्वतः बसून भरावे लागले नव्हते. बाराव्या आठवड्यात फळ्यावर सतरा चिठ्ठ्या होत्या. (पावसाळ्यात चिठ्ठ्यांचा डिंक टिकत नाही, पंख्याखाली तर मुळीच नाही, लोहचुंबक आधीच आणून ठेवावेत.)

काम तयार झाल्यानंतर ते ग्राहकापर्यंत पोचवणे, या टप्प्यावर मात्र सेवा उघडी पडली. रिलीज किती वेळा होतात, बदल प्रॉडक्शनपर्यंत (ग्राहकाच्या प्रत्यक्ष वापरापर्यंत) पोचायला किती काळ लागतो, किती रिलीज बिघडतात आणि बिघाड किती वेळात सावरतो, ही चार मापे प्रशिक्षकांनी नीट शिकवली. पण पुढचा सल्ला, दिवसातून अनेकदा छोटे रिलीज करण्याचा, संकेतस्थळे चालवणाऱ्यांना साजेसा होता. आमचे सॉफ्टवेअर पतसंस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालते. दिनअखेर झाल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही आणि आधी बॅकअप व व्यवस्थापकाची लेखी संमती लागते. ही अडचण आम्ही चौथ्या आठवड्यात मांडली, दहाव्या आठवड्यापर्यंत उत्तर मिळाले नाही आणि मिळाले तेव्हा ते एक महागडे साधन विकत घेण्याची शिफारस एवढेच होते. शेवटी आम्हीच ठरवले की नवी आवृत्ती आधी दोन लहान संस्थांना द्यायची आणि आठवडाभर तक्रार आली नाही तर उरलेल्यांना. सध्या तेच चालू आहे.

परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न होते, बहुतेक व्याख्यांवरचे. तिघे बसले, तिघेही उत्तीर्ण झाले, आणि त्यांच्या रोजच्या कामात तसूभरही फरक दिसला नाही.

दहा जणांच्या आसपासची तुकडी असेल आणि कामे कुठे अडकतात हेच दिसत नसेल, तर या सेवेतील कार्यालयीन भेटींचा भाग पैसे देऊन घेण्याजोगा आहे. मुदत संपल्यावर आम्ही पुढील तिमाहीसाठी महिन्यातून एक भेट, वर्ग नकोत आणि परीक्षाही नको, असे कळवले. गेल्या आठवड्यात नवे दरपत्रक आले आहे. त्यात परीक्षेचे शुल्क अजून आहेच, म्हणून ते परत पाठवले आहे.