कॉलेज रोडचं समुपदेशन केंद्र: मॅडमना पाच तारे, रिसेप्शनला एक

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर हे केंद्र आहे. नाव लिहीत नाही, कारण रिसेप्शनबद्दल वाईट लिहिणार आहे आणि मॅडमबद्दल चांगलं. दोन्ही एकाच पाटीखाली नको.

50 मिनिटांचे 1200 रुपये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं म्हटलंय, पण माझ्या पॉलिसीत अ‍ॅडमिट झाल्याशिवाय दमडी मिळत नाही. म्हणजे खिशातून. बायको गेल्यावर छातीत धडधड सुरू झाली, ईसीजी नॉर्मल आला, तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी इकडे पाठवलं. मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलाय. कुठेही जा, तो आधी बघा.

वयाने त्या माझ्या मुलीएवढ्या. पहिल्या दिवशी मी म्हटलं, काका म्हणा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका म्हटलं की तुम्ही मलाच सांभाळून घ्याल. आडनावाने हाक मारू?" बरोबर ओळखलं होतं. तरीही बरेच दिवस मी पोरीला झेपेल तेवढंच सांगत होतो.

खरी परीक्षा मुलीच्या लग्नाच्या वेळी झाली. पत्रिका, वर पेढ्यांचा पुडा, अगदी रीतसर आमंत्रण. मॅडमनी पत्रिका घेतली, वाचली, मनापासून अभिनंदन केलं आणि सांगितलं, येणार नाही. मांडवात कोणी विचारलं या कोण, तर उत्तर द्यायची पाळी तुमच्यावर येईल, म्हणाल्या. कारण पटण्यासारखं होतं, मला पटलं नाही. पैसे घेऊन ऐकायचं आणि घरच्या कार्याला नाही म्हणायचं, हे कसलं माणूसपण? पुढच्या वेळी तब्येतीचं निमित्त सांगून गेलोच नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात गेलो ते भांडायलाच. अपमान झाला म्हणून तोंडावर सांगितलं. त्यांनी माफी मागितली नाही की नियम ऐकवले नाहीत. "अजून बोला," एवढंच. मी भडभडा बोललो. मग त्यांनी विचारलं, घरच्या कार्याला असं आणखी कोणी आलं नव्हतं का? माझा थोरला भाऊ सिन्नरच्या जमिनीवरून बायकोच्या तेराव्यालाही आला नव्हता. इतक्या महिन्यांत त्या खोलीत मी त्याचं नावही काढलं नव्हतं. तो तास सगळा त्याच्यावरच गेला, आणि रडलो म्हणायला हरकत नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी गेल्याने वाचायची खोड आहे. घरी येऊन शोधलं. पेशंट जुन्या माणसावरचा राग उपचार करणाऱ्यावर काढतो, याला ट्रान्सफरन्स म्हणतात. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याची डोरा नावाची पेशंट सुमारे तीन महिन्यांत उपचार सोडून गेली. हे आपल्याला वेळेत हाताळता आलं नाही, असं त्याने 1905 साली छापून कबूल केलं. मॅडमना आलं, एवढं मी लिहून देतो.

नंतर त्या असंही म्हणाल्या की नाही म्हणणं त्यांनाही जड गेलं होतं, आणि अशा वेळी नाव न घेता त्या आपल्या सीनियरशी बोलतात. माझी गोष्ट तिसऱ्या माणसाकडे जाते हे क्षणभर खटकलं. पण सर्जनही दुसऱ्या सर्जनला विचारतोच की.

आता रिसेप्शन. हॉलमध्ये पूर्ण नावाने पुकारा होतो. एकदा समोरच्या खुर्चीत आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी! दोघांनी पेपर वर केला. त्याच 2017 च्या कायद्यात गोपनीयता हा आपला हक्क आहे, तो दारातच संपतो. मॅडमना सांगितलं, मालकांना लेखी दिलं, फरक शून्य. मॅडमच्या मे महिन्याच्या रजेचा निरोपही काउंटरवरून जेमतेम दोन दिवस आधी आला. ज्याचं अख्ख्या आठवड्यात हेच एक बोलणं असतं, त्याच्याशी असं वागू नये.

पैशांची अडचण असेल त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस ही फोनवरची हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, मराठीतही बोलतात. पण दर वेळी तोच माणूस फोनवर येईल असं धरू नका. भांडून परत जाण्याची सोय मला या दुसऱ्या मजल्यावर मिळाली.

लिफ्ट बंद असते. दुपारची वेळ मागा, संध्याकाळी खालच्या क्लासच्या मुलांच्या गाड्यांनी गल्ली भरते.