इंटरडेंटल ब्रश, मऊ ब्रश आणि मिठाचं पाणी: हुळहुळणाऱ्या हिरड्यांवर काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकते. हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं ते दातांच्या फटींत घालायच्या बारीक ब्रशमुळे. मिठाच्या पाण्याने आराम पडला, मऊ ब्रशमुळे त्रास वाढला नाही आणि माउथवॉशची बाटली अर्धी तशीच पडून आहे.

तक्रार तशी साधीच होती. दाढांजवळच्या हिरड्या लालसर, किंचित सुजलेल्या, आणि दात घासले की थुंकीत रक्त. सुरुवातीला डेंटिस्टकडून स्केलिंग, म्हणजे दातांवर साठलेलं कीटण काढून घेतलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय ब्रशला देणार नाही. दातांवरचा मऊ थर कडक होऊन त्याचं कीटण झालं, की ते घरी कुठल्याच ब्रशने निघत नाही. ते साठलेलं असेल तर आधी काढून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

दुखऱ्या जागी ब्रश लावू नये असं आपल्याला आपसूक वाटतं. हिरड्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा याच्या उलट वागावं लागतं. 1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा दिवस ते तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या, आणि सफाई पुन्हा सुरू झाल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. रक्त येतंय म्हणून ती जागा टाळली की थर वाढतो, थर वाढला की सूज वाढते. मलाही पहिले काही दिवस जास्तच रक्त दिसलं. ते हळूहळू कमी होत गेलं म्हणून पुढे चालू ठेवलं. वाढतच गेलं असतं तर थांबून परत दाखवलं असतं.

इंटरडेंटल ब्रशमध्ये सगळा खेळ मापाचा आहे. एकाच तोंडात दोन-तीन मापं लागतात, आणि हे पाकिटावर कोणी ठळक लिहीत नाही. ब्रश फटीत जाताना केसांचा हलका अडथळा जाणवला पाहिजे, पण मधली तार दातावर घासता कामा नये. अगदी सहज आत-बाहेर होत असेल तर माप लहान आहे. ढकलावा लागत असेल तर मोठं आहे, आणि जोर केला तर हिरडीलाच इजा होते. रंगावर जाऊ नका, एका कंपनीचा लाल म्हणजे दुसरीचाही लाल असेलच असं नाही. पाकिटावरचा आकडा बघा. जमलं तर पहिली मापं डेंटिस्टकडूनच ठरवून घ्या. मला दाढांना एक माप लागतं, पुढे त्याहून लहान, आणि खालच्या पुढच्या दातांत तर सगळ्यात बारीक ब्रशही जात नाही. तिथे फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक धागाच.

मागच्या दाढांसाठी वाकड्या दांड्याचा ब्रश घ्या. सरळ दांड्याची तार गालाच्या बाजूने आत घालताना वाकते आणि दोन-चार वेळा वाकली की तुटते. पेस्ट लावायची गरज नाही. वापरून झाला की धुवायचा, केस विस्कटले की फेकायचा. हा खर्च सतत चालू राहतो आणि प्लास्टिकचा कचराही होतो, ही माझी खरी नाराजी. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2019 च्या आढाव्यातही नुसत्या ब्रशपेक्षा फटींची सफाई जोडल्यास हिरड्यांना फायदा होऊ शकतो, पण पुरावा फारसा भक्कम नाही, असंच म्हटलं आहे. माझ्या तोंडापुरता मला तो पुरला.

रोजचा ब्रश मऊ केसांचा. केस हिरडी आणि दाताच्या सीमेवर साधारण 45 अंशांत टेकवायचे आणि जागच्या जागी हलके हलवायचे. खराट्याने अंगण झाडल्यासारखं आडवं घासायचं नाही.

मिठाचं पाणी म्हणजे ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. अर्धा मिनिट तोंडात खळखळवून थुंकायचं. ठणका कमी होतो, तोंड स्वच्छ वाटतं. थर मात्र जागचा हलत नाही. स्केलिंगनंतरच्या दिवसांत याच्याइतकं सुखद दुसरं काही नव्हतं. आता क्वचितच लागतं.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं माउथवॉश थोडेच दिवस वापरायला सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. चव बिघडते, आणि जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात. पेस्टनंतर लगेच वापरू नये, पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा परिणाम कमी होतो. मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. तो फेस आणणारा घटक म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट. काहींच्या तोंडाला तो चुरचुरतो. मी तो नसलेली, पण फ्लोराइड असलेली पेस्ट घेतली. फरक पडला, पण थोडासाच.

लवंगेचं तेल नुसतं हिरडीवर लावू नका, ते भाजतं. ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या जागी धरून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका, त्याने हिरडी पांढरी पडून सोलवटते.

पू येणं, दात हलणं, तापासह सूज किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम, यातलं काही असेल तर ब्रशची मापं शोधत बसू नये. फिट्सवरचं फेनिटॉइन किंवा रक्तदाबाची ॲम्लोडिपिनसारखी औषधं चालू असतील तर हिरड्या त्यामुळेही वाढू शकतात; औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारा. मधुमेहात आणि गरोदरपणात हिरड्या जास्त कुरकुरतात. धूम्रपान करणाऱ्यांना तर रक्त कमी दिसतं, त्यामुळे रक्त नाही म्हणजे सगळं ठीक, असा हिशेब तिथे चालत नाही.

माझी एक जागा अजून हट्टाला पेटली आहे, शेवटच्या दाढेची मागची बाजू. तिथे शेजारी दात नाही, म्हणजे फटही नाही, म्हणून इंटरडेंटल ब्रश निरुपयोगी. त्यासाठी एकाच झुपक्याचा छोट्या डोक्याचा ब्रश घेतला आहे. हाताला बरा वाटतो, पण गुण द्यायला अजून थोडा वापर व्हायला हवा.